गवयास भेटावे काय?

मार्गशीर्षातील पौर्णिमेस दत्तजयंती येते. त्या निमित्ताने अंबडास जो संगीत महोत्सव भरतो व ज्याची परंपरा गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेली आहे, त्याची ओळख मराठवाड्यातील गानरसिकांस नव्याने करून द्यावयास नको. अंबड हे काही मोठे शहर नव्हे. मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या आश्रयाने वसलेले, जालना जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि पुण्यामुंबईच्या बैठकी येथून फार दूर होत्या. तेव्हा नावाजलेला गवई आपल्या गावी येऊन गातो, या गोष्टीचे अप्रूप येथे अधिक असावे, यात नवल नाही. अशा कोणत्याही उत्सवात भैरवी संपली, तंबोऱ्यांवर गवसण्या चढू लागल्या, की श्रोत्यांचे दोन तट पडतात. काही जण शेजाऱ्याशीही न बोलता, कानात उरलेला षड्ज सांभाळीत, घराची वाट धरतात. दुसरे व्यासपीठाकडे धाव घेतात. कोणास पायांवर डोके ठेवावयाचे असते, कोणास स्वाक्षरी हवी असते, आणि हल्ली बहुतेकांस गवयाच्या खांद्याला खांदा लावून मोबाईलमध्ये आपली छबी टिपून घ्यावयाची असते. या दोहोंपैकी खरा रसिक कोणता?

प्रश्न किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. आपण एखाद्याच्या गाण्यावर प्रेम करतो तेव्हा नेमके कशावर प्रेम करतो, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे. आणि ज्याने आपणांस आनंद दिला त्याच्याशी आपले नाते देण्याघेण्याचे, ऋणाचे की नुसत्या कुतूहलाचे, हा त्याहून खोलवरचा.

मौज अशी की, आपल्या आजोबापणजोबांस हा प्रश्न पडलाच नसता. गवयाचे गाणे ऐकावयाचे म्हणजे गवयाच्या समोर जाऊन बसावयाचे, एवढाच मार्ग त्या काळी होता. दिवाणखान्यातील बैठकीत गाणारा आणि ऐकणारा एकाच जाजमावर असत. खाँसाहेबांनी पानाचा विडा कधी लावला, साथीदाराकडे डोळे वटारून कधी पाहिले, चुकलेली सम कशी सावरून घेतली, हे सारे श्रोत्यास दिसत असे. गवई दमलेला, खोकणारा, रागावणारा मनुष्य आहे, हे मुद्दाम जाऊन शोधून काढण्याची गरज नव्हती. हिंदुस्थानात ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी गाणे पहिल्याने मुद्रित झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. आवाज आणि शरीर यांची फारकत आपल्याकडे त्या वर्षी झाली असे म्हटले तर चालेल. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, ज्याची भाषा कदाचित आपणांस समजणार नाही, अशा माणसाच्या आवाजावर जीव जडणे तेव्हापासून शक्य झाले; आणि जे अंतर मुळी नव्हतेच ते एकदा उत्पन्न झाल्यावर, ते ओलांडावे की राखावे, हा विचारही जन्मास आला.

या नव्या जातीच्या प्रेमाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गदगचा एक मुलगा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी त्याने ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गाणे शिकण्यासाठी घरातून निघून गेला. घरी तुपावरून झालेल्या रुसव्याचेही निमित्त सांगतात. मोठ्या गोष्टींना अशी लहान निमित्ते शोभतात. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. आगगाडीत गाऊन प्रवाशांकडून मिळेल ते घेत तो ग्वाल्हेरास गेला, भटकत भटकत जालंदरास पोचला, आणि अखेरीस पुन्हा आपल्या मुलखात, कुंदगोळास, सवाई गंधर्वांच्या म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या दारी आला. ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. तेथे त्याने पाणी भरले, पडेल ते काम केले आणि मग विद्या मिळविली. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. पण या मुलाच्या कथेत आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. ज्याच्या आवाजाने त्याला वेड लावले त्याचे दर्शन घेऊन, धन्य होऊन, तो घरी परतला नाही. त्याला खाँसाहेबांचा चेहरा नको होता. तो स्वर लागतो कसा, हे त्याला हवे होते. जेथे ते मिळेल तेथे तो राहिला, आणि त्याची किंमत त्याने अंगमेहनतीने चुकविली.

या भुकेच्या शेजारी आपली नेहमीची भूक ठेवून पाहावी. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी एका गायकाच्या भेटीस गेली होती. त्या गायकाचा मारवा तिने शेकडो वेळा ऐकला होता. कोमल ऋषभावर तो कोठे थांबतो, हे ती डोळे मिटून सांगे. मैफलीनंतर ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा बुवा जेवत होते. त्यांनी मान वर न करता, “हं, ठेवा तिथे,” असे म्हटले. तिच्या हातातील हार ते बिदागीचे पाकीट समजले असावेत, की आणखी काही, देव जाणे! मुलगी परतली ती रडवेली होऊन, आणि त्या दिवसापासून तिने त्यांचे गाणे ऐकावयाचे सोडले. आम्ही तिला विचारले, “मारव्यात काही बिघडले काय?” ती म्हणाली, “नाही सर, पण आता तो मारवा ऐकताना मला ते जेवताना दिसतात.” हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तिची तक्रार शिष्टाचाराविषयी नव्हतीच. त्या स्वराच्या मागे जो कोणी आहे तो आपल्याला ओळखतो, असा विश्वास तिने वर्षानुवर्षे जपला होता. मारवा ऐकताना मनाला जी हुरहुर लागते ती जणू दोघांत वाटून घेतलेली आहे, असे तिला वाटे. त्या खोलीत तो विश्वास एका घासाबरोबर गिळला गेला.

आपल्या साहित्यशास्त्राने या भ्रमाचे निदान फार पूर्वी केले आहे. भट्टनायकाने साधारणीकरण म्हणून जो व्यापार सांगितला आणि अभिनवगुप्ताने ज्याचा ऊहापोह केला, त्याचे सार असे की, रसाच्या अनुभवात भाव हा अमक्याचा किंवा तमक्याचा राहत नाही. नाटकातील शोक नटाचा नसतो, रामाचा नसतो आणि प्रेक्षकाच्या घरचाही नसतो. तो कोणाचाच नसतो, म्हणून सर्वांचा होतो. शास्त्रकारांपुढे नाटक होते. परंतु गाण्यास हे वचन अधिकच लागू पडते, कारण गाण्यात कोणाचे नाव घेऊन शोक करावा असे पात्रच नसते. मारव्याची हुरहुर त्या जेवणाऱ्या गृहस्थाची खाजगी मालमत्ता नव्हती. ती त्याने निर्माण केली खरी, पण निर्माण करून तो तिच्यातून बाहेर पडला होता आणि त्याला भूक लागली होती.

याचे याहून भीषण उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग केला. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांचे अपत्य मृत्यू पावले होते. तरीही प्रयोग झाला, आणि तो रंगला. त्या रात्री टाळ्यांच्या गजरानंतर एखादा चाहता हौसेने रंगपटात शिरला असता, तर तो कोणास भेटला असता? भामिनी तेथे नव्हती. तेथे नारायण श्रीपाद राजहंस या नावाचा, बावीस-तेवीस वर्षांचा, मूल गमावलेला बाप शालू फेडीत बसलेला असता. त्या बापाकडून भामिनीचे हास्य मागणे हे केवळ अरसिकपणाचे नव्हे, निर्दयपणाचे झाले असते. आणि चाहता तर नकळत तेच मागत असतो.

मग मुळीच भेटू नये, हेच बरे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो ज्यांनी शेवटास नेला अशी एक जोडी रशियात होऊन गेली. नाद्येझ्दा फॉन मेक ही धनाढ्य विधवा चायकोव्हस्की या संगीतकाराच्या रचनांवर लुब्ध होती. १८७६ च्या अखेरीस दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तिने त्यास वर्षास सहा हजार रुबल्सची नेमणूक बांधून दिली आणि त्यायोगे तो शिक्षकाच्या नोकरीतून मोकळा झाला. अट एकच: परस्परांस कधी भेटावयाचे नाही. सुमारे चौदा वर्षांत बाराशेच्या वर पत्रे एकमेकांस गेली. आपली चौथी सिंफनी त्याने तिला अर्पण केली. १८७९ साली तिच्याच जहागिरीवर, रानातल्या वाटेवर, दोघांच्या गाड्या अवचित समोरासमोर आल्या. त्याने टोपी उचलली, ती गोंधळली, आणि गाड्या पुढे गेल्या. शब्द नाही.

ही हकीकत आम्हांस तरुणपणी अत्यंत उदात्त वाटे आणि आजही तिची मोहिनी गेलेली नाही. परंतु तिचा शेवट विसरून चालणार नाही. १८९० साली बाईंनी आपली आर्थिक स्थिती बिघडल्याचे कळवून नेमणूक बंद केली आणि पत्रेही थांबली. चायकोव्हस्कीस पैशाच्या हानीपेक्षा हा तुटकपणा अधिक लागला. १८९३ साली मरेपर्यंत ते शल्य त्याच्या मनातून गेले नाही. म्हणजे दूर राहिल्याने भ्रमनिरास टळला, असेही नाही. प्रत्यक्ष भेटीत माणूस आपल्या कल्पनेची मूर्ती फोडतो खरा. पण न भेटता ती मूर्ती इतकी वाढते की, ती कोसळली म्हणजे तिच्याखाली दोघेही सापडतात. एकदा जर त्याने तिला सर्दीने बेजार झालेली पाहिली असती आणि तिने त्याला चिडलेला, तर कदाचित १८९० साली दोघांनी एकमेकांस थोडी सवलत दिली असती.

आतापर्यंत आपण ऐकणाऱ्याच्याच बाजूने बोललो. गाणाऱ्याचेही काही म्हणणे असते. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा दरारा प्रसिद्ध आहे. बैठकीत गैरशिस्त त्यांस खपत नसे, आणि ध्वनिमुद्रण करण्याविषयीही त्यांचा हात आखडता असे. किशोरीताई आमोणकर भर मैफलीत श्रोत्यांची कुजबूज ऐकून थांबत व त्यांस खडसावीत. लोक या दोघींस मानी म्हणत. काही जण याहून कठोर शब्द वापरीत. ग्लेन गूल्ड या कॅनडातील पियानोवादकाने तर १९६४ साली ऐन बहरात जाहीर मैफलीच बंद केल्या आणि पुढे आयुष्यभर केवळ ध्वनिमुद्रण केले. आम्हांस यात उद्धटपणा दिसत नाही. गवयाचे जे देणे असते ते तो स्वरांत चुकते करतो. तिकिटाच्या पैशांत त्याचे हास्य, त्याची विचारपूस आणि त्याची संध्याकाळ यांचाही समावेश आहे, असे मानणे हा आपला लोभ होय. केसरबाईंचे एक भैरवीतील गाणे १९७७ साली व्हॉयेजर या दोन अमेरिकन यानांवरील सोनेरी तबकडीत अवकाशात गेले. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीस कोणी श्रोता भेटलाच, तर त्याला बाईंच्या स्वभावाची बातमी कधीही लागणार नाही. किती भाग्यवान!

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. तापट स्वभाव वेगळा आणि दुराचार वेगळा. अलीकडच्या वर्षांत काही गुरूंच्या वर्तनाविषयी त्यांच्याच शिष्यांनी, विशेषेकरून मुलींनी, गंभीर तक्रारी केल्या आहेत. तेथे “कलेकडे पाहा, माणसाकडे पाहू नका” हा उपदेश करणे म्हणजे साधारणीकरणाच्या आड गुन्ह्यास लपविणे होय. रस सर्वांचा असतो. अपराध मात्र ज्याचा त्याचाच राहतो. आणि अशा प्रकरणांत अंधभक्त चाहत्यांची गर्दी हीच पुष्कळदा अपराध्याची तटबंदी होते, हेही नमूद करून ठेवावे.

तर मग भेट कशी असावी? आमच्या मते उत्तर आपल्याच देवळांत पडलेले आहे. वारकरी कीर्तन संपले की लोक कीर्तनकाराच्या पायां पडतात. बुवांची प्रकृती, त्यांचे मूळ गाव, त्यांचे मागील कीर्तन याविषयी चौकशी होत नाही. क्षणभर हात पायांस लागतो, मागचा पुढे येतो, संपले. वारीत तर कोण कोणाच्या पाया पडतो याचा हिशेबच नसतो. वृद्ध पोराच्या पाया पडतो आणि पोर वृद्धाच्या. या भेटीस ठरलेला साचा आहे आणि त्या साच्यामुळे दोघांचीही अब्रू राखली जाते. तो नमस्कार माणसाला पोचतो, पण माणसापाशी थांबत नाही. कीर्तनकार स्वतःच ज्याच्यापुढे उभा होता त्याच्याकडे तो जातो. दत्तजयंतीच्या उत्सवासारख्या प्रसंगी गवई गातो तो बोलूनचालून सेवा म्हणून. अशा वेळी गाणारा यजमान नव्हे आणि ऐकणारा गिऱ्हाईक नव्हे. दोघेही एका तिसऱ्याच्या दारी आलेले असतात. शहरातील सभागृहात हा तिसरा दिसत नाही, म्हणून तेथे चाहता आणि कलावंत यांची दृष्टादृष्ट इतकी अवघड होते. मिरजेच्या दर्ग्यात, जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तेथेही उरुसाच्या वेळी गवई हजेरी लावतात. देव न मानणाऱ्या रसिकाने तिसऱ्या जागी खुशाल राग मांडावा. मारव्याच्या त्या विद्यार्थिनीने हार न नेता, ऋषभावरील त्या मुक्कामाविषयी एखादा प्रश्न नेला असता, तर बुवांनी कदाचित मान वर केली असती. कदाचित केलीही नसती. जेवण गरम होते. पण मग तिला वाईट वाटले असते ते प्रश्न अनुत्तरित राहिल्याचे, आणि ते दुःख मारव्यास पारखे करणारे नव्हे.

मात्र एक भेट अशी आहे की, ती ऐच्छिक आहे असे आम्ही मानीत नाही. बालगंधर्वांचेच पाहा. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी पैठणच्या एकनाथांची भूमिका केली तेव्हाच स्त्रीवेषातील वैभवाचा काळ मावळत आला होता. पुढे कर्ज, एकाकीपण, आणि अखेरच्या वर्षांत पायांनी सोडलेली साथ. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले, १९६४ साली पद्मभूषण मिळाले, आणि १५ जुलै १९६७ रोजी ते पुण्यास वारले. “आम्ही त्यांना भामिनीच्या रूपात पाहिले आहे, आता त्या अवस्थेत पाहवणार नाही,” असे म्हणणारा रसिक आपल्यात नेहमी आढळतो, मग गायक कोणीही असो. या बोलण्यात हळवेपणा आहे, पण न्याय नाही. ज्याच्या तारुण्याचे स्वर आपण घरी नेले, त्याच्या म्हातारपणाचे दर्शन तेवढे आपल्यास नको! वैभवातील गवयास न भेटता घरी जाण्याचा अधिकार प्रत्येक रसिकास आहे, किंबहुना ते त्याच्या रसिकतेचे लक्षणही ठरू शकते. ज्याच्या दारातली गर्दी ओसरली त्याच्या बाबतीत हा अधिकार उरत नाही. तेथे आपण स्वप्न शाबूत राखण्यासाठी दूर राहतो, असे म्हणतो. खरे म्हणजे ऋणकोने धनकोची गल्ली टाळावी तसे टाळतो.

आणि त्याकरिता बालगंधर्वांएवढ्या मोठ्या माणसाची वाट पाहण्याचेही कारण नाही. महोत्सवास बाहेरगावचा तारा येतो तेव्हा त्याच्याभोवती कोंडाळे होते. पण साथीला बसलेला हार्मोनियमवादक आपली पेटी आपणच उचलून, त्या गर्दीच्या कडेने, बाहेर पडत असतो. अंबडसारख्या प्रत्येक गावात निदान एक तरी असा गुरुजी असतो, ज्याने गावातील दोन पिढ्यांच्या बोटांना ‘ना धिं धिं ना’ शिकविले, ज्याने गणेशोत्सवात फुकट साथ केली, आणि ज्याच्या शिष्यांपैकी आता कोणी संभाजीनगरास अधिकारी आहे तर कोणी पुण्यास डॉक्टर. आता त्याच्या तबल्यावर खोळ असते. सांधे धरल्यामुळे तो वाजवीत नाही, पण सायंकाळी ओसरीवर बसतो, आणि रस्त्याने जाणाऱ्याच्या चालीत ठेका आहे की नाही, ते मनाशी मोजीत असतो. त्याच्याकडे जाताना हार नेला नाही तरी चालेल. कालच्या मैफलीत तबलजीने द्रुतात काय केले, एवढे त्याला सांगावे. उरलेले तो स्वतःच, मांडीवर बोटे वाजवून, रात्रीच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगत बसेल.